फ्यूज निर्दोष आहे

खालापूरला काका-काकूंच्या घरात मी भाड्यानं राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारावर तारेनं बांधलेला एक लाल पुठ्ठ्याचा टॅग दिसला. वर ठळक अक्षरात छापलं होतं, ‘धोका! काम चालू आहे. चालू करू नये.’ खाली रकाने होते. टॅग लावणाऱ्याचं नाव, विभाग, कामाचं स्वरूप, शेरा. कामाचं स्वरूप या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘आंघोळ’ असं लिहिलेलं होतं.

मी बादली घेऊन उभी राहिले. माझ्या मागे काकू धुण्याचा पिळा घेऊन उभ्या राहिल्या. अर्धा तास झाला तरी आतून पाण्याचा आवाज नाही. शेवटी फाटकातून काकाच दुधाची पिशवी घेऊन आत आले. आंघोळ कधीच उरकली होती, टॅग तेवढा काढायचा राहिला होता.

“अहो काकू, मग आपण काढायचा ना!” मी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवाच्या हातातला नारळ उचलायला सांगितला होता. “टॅग त्यांचा हाय. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. इतकी वर्षं झाली, मी कधी हात नाय लावला.”

काका रसायनीच्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकलचे सुपरवायझर होते. मी त्यांच्यानंतर काही वर्षांनी त्याच कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले, म्हणून त्यांनी मला खोली दिली आणि माझं नाव कधीही न विचारता ‘लॅब’ अशी हाक मारायला सुरुवात केली. लेखी परवानगीशिवाय ते कुणाला कशालाही हात लावू देत नसत, म्हणून कंपनीत त्यांना सगळे ‘परमिट’ म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी भेट काय देऊ विचारल्यावर त्यांनी कोरे टॅग मागितले होते. दोन गठ्ठे. ते घरात पुरवून पुरवून वापरत. मिक्सरच्या भांड्याचं पातं धुताना टॅग. पंख्याला तेल घालताना टॅग. दुपारी झोपताना शर्टाच्या वरच्या बटणाला टॅग, कामाचं स्वरूप, ‘देखभाल’. एकदा विजेचं मीटर वाचायला आलेला माणूस तो टॅग वाचून पाय न वाजवता परत गेला, आणि त्या महिन्याचं बिल अंदाजानं आलं.

हा नुसता विक्षिप्तपणा आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग एकदा शेंगा सोलताना काकूंनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात काका एका पॅनेलमध्ये हात घालून काम करत होते. बाहेर टॅग होता. कुणीतरी ‘पाच मिनिटांचं तर काम आहे’ म्हणून तो काढला आणि लाइन चालू केली. काकांच्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून नीट मिटत नाहीत. वर कंपनीनं चौकशी लावली ती काकांचीच. ते निर्दोष सुटले. सहा महिन्यांनी नवा साहेब आला, त्यानं तीच चौकशी पुन्हा लावली. पुन्हा निर्दोष सुटले. त्या अपघातातून आणि दोन चौकश्यांतून काकांच्या आयुष्याचे दोन नियम तयार झाले. एक, टॅग ज्याचा त्यानंच काढायचा. दोन, एकदा निर्दोष सुटलेल्याला परत बोलवायचं नाही.

दुसरा नियम ते माणसांपुरता ठेवते तर काही बिघडलं नसतं. त्यांनी तो यंत्रांनाही लावला.

त्यांच्याकडे एक जुनी काळी मोटरसायकल होती. दर रविवारी ती घेऊन ते कर्जतच्या पलीकडे कोंडाण्याला बहिणीकडे जायचे. बहिणीच्या मळ्यात त्यांनी स्वतः पाण्याचा पंप बसवला होता आणि त्याचं अर्थिंग तपासणं हे त्यांचं साप्ताहिक कर्तव्य होतं. पंप आजवर एकदाही बंद पडलेला नव्हता. आपण तपासतो म्हणूनच तो बंद पडत नाही, असं काकांचं म्हणणं होतं आणि ते खोडून काढायला काहीच मार्ग नव्हता.

अडचण एवढीच होती की काकांना दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कर्जतच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करा असं दोनदा सांगितलं होतं. काका म्हणायचे, “धूळ हाय हायवेची. जाईल.” किती दिसत नव्हतं ते मला एका सकाळी कळलं. माझी कंपनीची बस चुकली आणि काका म्हणाले, चौक गावापर्यंत सोडतो, बस तिथे गाठ. जुन्या हायवेला लागलो आणि एका टपरीजवळ त्यांनी गाडी थांबवली. पुढे एक टेंपो उभा होता, मागचा लाल दिवा चालू ठेवून.

“काय झालं काका?”

“सिग्नल हाय.”

“काका, खालापुरात सिग्नल नाहीये.”

“नवीन बसवला असंल.”

दहा मिनिटं आम्ही नियमानं उभे राहिलो. टेंपोवाला चहा पिऊन आला, त्यानं टेंपो सुरू केला आणि निघाला. “सुटला बघ,” असं म्हणून काका त्या सिग्नलच्या मागोमाग निघाले. इथपर्यंत मला हसू येत होतं. पुढे एक ट्रक आमच्या इतक्या जवळून गेला की माझी ओढणी त्याच्या वाऱ्यानं उडाली, आणि काकांनी मागे वळून विचारलं, “कोन होता गं?” तेव्हा मात्र मी त्यांचा शर्ट घट्ट धरला. संध्याकाळी मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पोळी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटली नाही.

“डॉक्टरकडे न्या ना त्यांना,” मी म्हणाले.

“नेलंय दोनदा. टेबलावर झोपायचं म्हटलं की भितात. चालू लाइनीला हात घालणारा मानूस, पण म्हणतायत, माझ्या डोळ्यावर टॅग कोन लावणार? डॉक्टर चहाला गेला आनि दुसऱ्यानं येऊन भलताच डोळा उघडला तर?”

त्याच आठवड्यात गाडी बंद पडली. चावी फिरवली तर दिवा नाही, हॉर्न नाही, काही नाही. मध्येच एखादा खड्डा बसला की जिवंत व्हायची आणि परत मरायची. काकांना झालेला आनंद सांगून समजणार नाही. ओटीवर त्यांनी गाडी घेतली, हँडलच्या डाव्या बाजूला टॅग बांधला, स्वतः डावीकडे पाटावर बसले आणि वही उघडून मला म्हणाले, “लॅब, लिहून घे. पयला आरोपी, फ्यूज.”

फ्यूज म्हणजे नखाएवढा निळा तुकडा. त्यांनी तो काढला, बॅटरी आणि बल्बच्या मध्ये जोडला. “लागला?”

“लागला,” मी म्हणाले. बल्ब भर उजेडात लख्ख पेटला होता आणि तरी तो लागला का हे काकांना मला विचारावं लागतं, हे आम्ही दोघांनीही मनावर घेतलं नाही.

“फ्यूज निर्दोष. लिही.” त्यांनी तो परत बसवला आणि वहीत मी तसं लिहिलं.

दुपारी काका शर्टाला टॅग लावून झोपले. मी पाणी प्यायला खाली आले तर काकू गाडीशी वाकलेल्या. त्यांनी फ्यूज उपसला, पदराच्या टोकात बांधला आणि ब्लाउजमधून एक लाल टॅग काढून हँडलच्या उजव्या बाजूला बांधला. तो आधीच भरलेला होता. मी वाचला. विभाग, ‘घर’. कामाचं स्वरूप, ‘डोळ्यांचं ऑपरेशन’. आणि खाली शेऱ्यात एक ओळ.

“काकू, हे काय!”

“टॅग न लावता फ्यूज काढला तर तो गुन्हा झाला. मी टॅग लावलाय. आता त्यांनी वाचावा.”

“त्यांना कसं वाचता येईल?”

“तेच तर म्हनते मी,” काकू म्हणाल्या आणि फ्यूज मिसळणाच्या डब्यात मोहरीत पुरून आल्या.

यानंतरचे चाळीस दिवस मी कुणाला सांगितले तर लोकांना खोटे वाटतात. गाडीच्या बॅटरीपासून चावीपर्यंत जी लाइन जाते तिच्या वाटेत फक्त एक गोष्ट असते, ती म्हणजे फ्यूज. बॅटरीपाशी वीज होती, चावीपाशी नव्हती. दुसऱ्या दिवशीच काका बल्बच्या वायरी घेऊन या निष्कर्षाला पोचले.

“लॅब, इथे लागतो?”

“लागतो.”

“इथे?”

“नाही.”

त्यांनी वायरी खाली ठेवल्या. “मध्ये काय हाय?”

“फ्यूज,” मी म्हणाले. मी एकही उत्तर खोटं दिलं नाही. लॅबमध्ये आम्हाला विचारलं तेवढंच सांगायची सवय असते, तिच्या आड मी लपले होते.

“पन फ्यूज निर्दोष हाय. वहीत हाय ना तसं?”

“आहे.”

“मग वायर खोटं बोलतेय,” काका म्हणाले आणि त्यांनी वायरची चौकशी लावली.

वायर सुटली. चावीचा स्विच सुटला. बॅटरी दोनदा चार्ज होऊन निर्दोष ठरली. कॉइल सुटली. मग फ्यूजची डबी तेवढी न उघडता काकांनी गाडीतलं जवळजवळ सगळं वायरिंग उपसून ओटीवर पसरलं. त्याच ओटीवर काकूंच्या मिरच्या वाळत होत्या, त्यामुळे दोघांनी जागा वाटून घेतली आणि चुकून एक मिरची हेडलाइटच्या डूममध्ये गेली ती अजून तिथेच असावी. शेजारपाजारचे येत, गाडीकडे बघत, उजवीकडचा टॅग वाचत, काकूंकडे बघत आणि गप्प जात. आमची अर्धी आळी कंपनीतून निवृत्त झालेली. दुसऱ्याच्या टॅगबद्दल बोलू नये हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

नाक्यावर स्पेअरपार्टचं दुकान असलेले चाचा मात्र कंपनीतले नव्हते. ते बिचारे रोज तेच सांगत. “काका, पयले फ्यूज देखो ना. सगळं एकदम बंद म्हंजे फ्यूजच असतो.”

“तो निर्दोष सुटलाय.”

“अरे, पर एकदा उघडून तरी बघा!”

“चाचा,” काका शांतपणे म्हणायचे, “तुमची दोनदा चौकशी झालीय कधी? माझी झालीय. लय लागतं मनाला.”

एक फ्यूज मनाला लावून घेईल या काळजीनं एक सत्तरीचा माणूस महिनाभर पाटावर बसून होता. कोंडाण्याच्या बहिणीचा दर रविवारी फोन यायचा. “दादा, पंप चाललाय रं झ्याक!” हे ऐकून काकांचा चेहरा पडायचा. आपण न जाताही पंप चालतो ही बातमी त्यांना सोसत नव्हती. हळूहळू ते जेवणावरून लवकर उठायला लागले. संध्याकाळी नुसते हँडल धरून बसायचे. एकदा मला म्हणाले, “लॅब, माझंच डोकं गेलं काय गं? एवढी वर्सं लाइनीवर काढली. असा फॉल्ट मला सापडला नाय असं कधी झालं नाय.” मला रडूच आलं. वर जाऊन मी ठरवलं की उद्या सांगून टाकायचं. सकाळी काकूंना तसं बजावलंही.

“सांग,” काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “फ्यूज लावतील, कोंडाण्याला निघतील. तो ट्रक परत आला तर त्यांना कोन सांगनार, कोन होता ते?”

मी त्यांच्या पुढ्यातली अर्धी भाजी ओढून घेतली आणि निवडायला बसले.

चाळिसाव्या दिवशी चाचा एक नवी कॉइल घेऊन आले. ते नेमके गाडीच्या उजव्या बाजूला बसले. चष्मा पुसून म्हणाले, “काका, एका गाडीला दोन टॅग कशाला?”

“दोन?” काका म्हणाले.

“हा काय, डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक.”

काका उठले. चाचपडत उजवीकडे आले, तारेला हात लावला, पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. त्यांना नुसतं लाल दिसत असणार. “लॅब,” ते म्हणाले, “वाच.”

चाचा होते, फाटकाशी शेजारचे दोघं थांबले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू उभ्या होत्या. मी वाचायला लागले. “धोका. काम चालू आहे. चालू करू नये. टॅग लावणार...” मी काकूंचं नाव वाचलं. “विभाग, घर. कामाचं स्वरूप, डोळ्यांचं ऑपरेशन.” पुढे शेरा होता. मी वर पाहिलं. खिडकीतून काकू पळी हलवून जोरजोरात नको नको म्हणत होत्या. “बस. एवढंच आहे,” मी म्हणाले. त्या चाळीस दिवसांतलं माझं हे पहिलं खोटं.

काकांचा आवाज चढणार म्हणून चाचांनी कॉइल छातीशी धरली होती.

“तारीख हाय?” काकांनी विचारलं.

“आहे.”

“सही?”

“आहे.”

“काय काढलंय?”

“फ्यूज,” मी म्हणाले.

“मी सुटल्यावर काढला की आधी?” काकांना आपण आणि फ्यूज यांतला फरक त्या क्षणी राहिला नव्हता.

“सुटल्यावर. त्याच दुपारी.”

“म्हंजे फ्यूज निर्दोषच व्हता!” काका म्हणाले आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की चाचांनी त्यांना धरलं. मग ते खिडकीकडे वळून ओरडले, “अगं, टॅग काढ तुझा!”

“काम पुरं झाल्यावर काढीन,” आतून उत्तर आलं. “माझा टॅग हाय. तुमी हात लावायचा नाय.”

चाचा मला हळूच म्हणाले की कॉइलसोबत आपल्या खिशात एक फ्यूज पण आहे, देऊ का? काकांनी ते ऐकलं. “चाचा, टॅग लावलेल्या लाइनीवर फ्यूज टाकायचा?” असं म्हणून त्यांनी आपली दोन न मिटणारी बोटं चाचांच्या तोंडापुढे धरली. चाचांनी फ्यूज खिशातच ठेवला.

पुढच्याच आठवड्यात आम्ही तिघं कर्जतला गेलो. दवाखान्यात काकांच्या कपाळाला घाम सुटला होता आणि शर्टाच्या खिशात कोरा टॅग होता, वेळ पडली तर स्वतःच्या कानाला बांधायला. नर्स आली. तिनं कागद बघितला, नाव विचारलं, कोणता डोळा विचारलं, पुन्हा कागद बघितला, आणि शाईच्या पेनानं काकांच्या उजव्या भुवईवर एक बाण काढला.

“हे काय?” काकांनी विचारलं.

“खूण, आजोबा. हाच डोळा करायचा. आत गेल्यावर डॉक्टर परत विचारतील, मग परत एकदा विचारतील. मगच हात लावतील.”

काकांचा चेहरा एकदम सैल झाला. “अगं,” ते काकूंना म्हणाले, “यांच्याकडं सिस्टीम हाय! आधी सांगायचं ना!” आणि ते नर्सच्या पुढे चालत ऑपरेशनला गेले. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तर त्यांनी घरूनच बाण काढून नेला होता. नर्सनं तो पुसून नवा काढला, याचंही त्यांना कौतुक वाटलं.

डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली त्या दिवशी सकाळी आळी जमली. काकूंनी मोहरीतून फ्यूज काढला, पदराला पुसला, टॅग सोडवून हातात घेतला. काकांनी फ्यूज बसवला, चावी फिरवली, किक मारली. काही नाही. दिवा नाही, हॉर्न नाही.

“आता मी काय नाय केलं हां!” काकू म्हणाल्या.

काका वाकले. बॅटरीखाली जिथे अर्थिंगची वायर सांगाड्याला बोल्टनं आवळलेली असते तिथे ते बघत राहिले. “ही वायर अशी हिरवी कधीपासनं हाय?” गंज चढून बोल्ट हिरवाकंच झाला होता. काकूंनी फ्यूज काढला नसता तरी गाडी काही चालली नसती. चाळीस दिवस त्या बोल्टपासून वीतभर अंतरावर काका बसले होते, आणि बहिणीच्या पंपाचं अर्थिंग दर रविवारी तपासणाऱ्या माणसाला आपल्या गाडीचं तपासायचं सुचलं नव्हतं. त्यांनी पॉलिश पेपरनं बोल्ट घासला, आवळला, किक मारली. गाडी चालू झाली. आळीनं टाळ्या वाजवल्या.

“टॅग आन,” काका काकूंना म्हणाले. “काम पुरं झालं की टॅग वाचून सही करायची असते. फाइलीला जातो.”

काकूंनी टॅग पाठीमागे लपवला. काकांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी काकूंनी तो दिला. काका ओठ हलवत वाचायला लागले. नाव, विभाग, कामाचं स्वरूप. मग त्यांचे ओठ थांबले. त्यांनी हात लांब करून गाडीची चावी बंद केली, जणू इंजिनच्या आवाजात ते वाचता येत नव्हतं. परत वाचलं. माझ्याकडे बघितलं.

“हे तू वाचलं नव्हतंस, लॅब.”

“नाही, काका.”

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं, टॅग सीटवर ठेवला, वाकून काहीतरी लिहिलं आणि सही केली. मग तो माझ्या हातात दिला.

“काय लिवलंय?” काकू म्हणाल्या. “माझा चष्मा आत हाय. वाच की गं.”

शेऱ्याच्या रकान्यात काकूंच्या सातवी पास अक्षरात लिहिलं होतं, ‘मानूस एकच हाय. याचा स्पेअर मिळत नाय.’ त्याखाली काकांनी लिहिलं होतं, ‘तपासले. शेरा बरोबर. दोन्ही युनिटना लागू.’

मी मोठ्यानं वाचलं, अख्ख्या आळीसमोर, आणि या वेळी एकही ओळ गाळली नाही.